सतरा एकांची संख्या

समोर आलेली संख्या कोणत्या प्रकारची आहे हे पाहिल्याशिवाय माझा थोरला भाऊ पुढे जात नसे. इतर लोक कदाचित संख्यांच्या 'जाती' म्हणाले असते. आमच्या घरात तो शब्द कुणी गमतीतही वापरत नसे, म्हणून दादा 'प्रकार' म्हणायचा. मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडताना तो समोरून येणाऱ्या ट्रकचा नंबर वाचायचा आणि विचारायचा, "सांग, मूळ की संयुक्त?"

मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती. संयुक्त म्हणजे जिचे लहान संख्यांत तुकडे पडतात ती. सहासारखी एखादी परिपूर्ण. तिला ज्यांनी भाग जातो त्या एक, दोन आणि तीनची बेरीज केली की पुन्हा सहाच येतात. बेरीज कमी पडली तर संख्या न्यून, जास्त झाली तर अधिक. खडकीच्या रस्त्यावर मिलिटरीच्या ट्रकना तोटा नव्हता, त्यामुळे शाळेत पोहोचेपर्यंत माझी उजळणी व्हायची.

वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की वडील एकच शब्द बोलायचे, "अभ्यास." दादा बी.एस्सी.ला गणितात कॉलेजमध्ये दुसरा आला. पुढे एम.एस्सी. करणार होता. त्याच उन्हाळ्यात वडील गेले. क्वार्टर सोडावं लागलं, आई, तो आणि मी खडकी बाजारात दोन खोल्यांत आलो आणि दादा पिंपरीच्या एका कंपनीत लागला. मशीनवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही ते तपासायचं त्याचं काम. एम.एस्सी.बद्दल मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "घरात एकाने शिकलं तरी चालतं. तू शीक."

मी शिकले. इंजिनिअर झाले, आणि नशीब असं की माझं शिक्षण संपायला आणि देशाचा बाजार खुला व्हायला एकच गाठ पडली. पुण्यात बंगल्यांच्या गॅरेजमध्ये सॉफ्टवेअर कंपन्या निघत होत्या. तशाच एकीत मी लागले. वर्षा-दोन वर्षांत कंपनी गॅरेजमधून काचेच्या इमारतीत गेली, मीही लग्न करून औंधला राहायला गेले. त्या दरम्यान आई गेली. दादा आणि वहिनी खडकीतच राहिले. वहिनी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना मूल नव्हतं.

ज्या वाऱ्याने माझी कंपनी वर गेली त्याच वाऱ्याने दादाच्या कंपनीत परदेशी मशीन आली. भाग तयार करता करता ती स्वतःच मापं घ्यायची. तपासणी विभागातल्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. दादा तेव्हा चाळिशीत होता. निरोपाचा नारळ घेऊन घरी आला आणि वहिनींना म्हणाला, "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी."

सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग एका रविवारी मी गेले तर तो जमिनीवर जुन्या कॅलेंडरची पानं पालथी पसरून बसला होता. प्रत्येक पानावर भागाकार. मला बघून त्याचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी त्याला तसं पाहत होते.

"बस. अकरा कोणती?"

"मूळ."

"एकशे अकरा?"

"संयुक्त. तीन सदतीस."

"अकराशे अकरा?"

"अकरा गुणिले एकशे एक." मला अजून जमतंय याचा मलाच आनंद झाला.

त्याने समजावून सांगितलं. नुसते एक लिहीत जायचं. चार एक, पाच एक, सहा एक. जवळजवळ सगळ्यांचे तुकडे पडतात. एकांची मोजदाद संयुक्त असली तर ते पाडणं सोपंच असतं. मोजदाद मूळ असली तर जरा जास्त शोधावं लागतं. सात एकांची संख्या म्हणजे दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास, हे त्याने स्वतः शोधलं होतं. अकरा आणि तेरा एकांच्या संख्याही फुटल्या होत्या. आता तो सतरा एकांवर आला होता.

"एकं, दहं, शतं करत गेलं तर सतराव्या स्थानाचं नाव मध्य," तो म्हणाला. "परार्धाच्या एक पायरी खाली. आणि ही फुटत नाही. अंकांची बेरीज सतरा, म्हणजे तीनने जात नाही. शेवटी अकरा आहेत, म्हणजे कुणाचा वर्ग नाही. सात नाही, अकरा नाही, तेरा नाही. हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून झाल्या. मला वाटतं ही मूळ आहे."

त्या दिवशी मला बरंच वाटलं. माणूस रिकामा बसण्यापेक्षा काहीतरी करतोय, एवढंच मनात आलं.

वर्ष उलटलं तरी तो सतरा एकांवरच होता. आता दिवसभर. सकाळी वहिनी शाळेत जाताना तो भागाकार करत असायचा, परत येताना तसाच. दाढी वाढलेली, डबा झाकलेला. जुन्या ओळखीच्या एकाने भोसरीत मुलाखत ठरवून दिली, तो गेला नाही. दुसऱ्या एकाने घरी येऊन विचारलं, त्याला म्हणाला, "सध्या काम आहे हातात." शेजारपाजारचे आधी कौतुकाने विचारायचे, मग हसू दाबून विचारायला लागले, मग विचारेनासे झाले. भागाकारात कुठे चूक राहिली असेल या धास्तीने तो मागचे भागाकार पुन्हा करायचा. एकदा जेवताना ताटात बोटाने आकडे काढताना मी पाहिलं. भात तसाच होता.

मी म्हटलं, "दादा, माझ्या ऑफिसात मशीन आहेत. मी बघून सांगते की."

"नको."

"का?"

"माझ्या तपासणीवर आता मशीनची तपासणी नको," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण वहिनींनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी विषय सोडला.

काही आठवड्यांनी वहिनींनी शाळेतून माझ्या ऑफिसात फोन केला. त्या कधी ऑफिसात फोन करत नसत.

"यांनी काल आंघोळ करताना मध्येच बाहेर येऊन भागाकार तपासला," त्या म्हणाल्या. "ओल्या अंगाने. मी दार लावून घेतलं, कुणी बघू नये म्हणून. तुम्ही ते मशीनवर करून बघा. मूळ असेल तर तसं सांगू, म्हणजे सुटतील एकदाचे. नसेल तरी सांगू."

"त्याने नको म्हटलंय, वहिनी."

"त्यांनी म्हटलंय. मी म्हणत नाहीये. मी त्यांच्यासमोर सांगेन की मीच करायला लावलं."

जेवणाच्या सुट्टीत मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. क्षणात उत्तर आलं, दोन. सतरा एकांच्या संख्येला म्हणे दोनने भाग जातो! क्षणभर मी खुळ्यासारखी पाहतच राहिले. मग लक्षात आलं, मी आकडा ज्या पद्धतीने साठवला होता त्यात एवढी लांब संख्या पूर्ण मावत नव्हती. मशीनने परस्पर शेवटच्या एकाचे दोन करून टाकले होते. मला हसू आलं, हे दादाला सांगायला हवं असं वाटलं. मग मी जास्त लांब आकडा मावेल अशी सोय करून प्रोग्राम पुन्हा चालवला. शेजारचा चहाचा कप उचलेपर्यंत उत्तर आलं.

वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

भाग पूर्ण गेला होता. दुसरा तुकडा दहा अंकी होता, आणि तोही मूळ. म्हणजे ती संख्या संयुक्त होती, दोनच मूळ संख्यांचा गुणाकार, आणि त्यांतली लहान वीस लाखांच्या पुढे. दादा तेव्हा कुठे वीस हजारांपाशी पोहोचला होता. मी दोन्ही आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि स्क्रीन बंद केला.

रविवारी मी गेले. वहिनींनी चहा केला, कप खाली ठेवला आणि सरळ म्हणाल्या, "अहो, मी यांना तुमची संख्या मशीनवर घालायला लावली. उत्तर आलंय. ऐकायचं का?"

दादाने पेन्सिल खाली ठेवली. त्याने वहिनींकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "मूळ नाही ना?"

"नाही."

"कशी कळली नाही मला? कुठे चुकलो?"

"चुकला नाहीस. लहान तुकडाच सात अंकी आहे."

"सात अंकी," तो म्हणाला. डोळे मिटून त्याने मनात काहीतरी हिशेब केला. कसला, ते मला कळलं. याच गतीने तिथपर्यंत पोहोचायला किती वर्षं लागली असती, हा. उत्तर त्याने सांगितलं नाही. मी कागदावर लिहून नेलेले दोन आकडे त्याच्यापुढे ठेवले.

मला वाटलं तो कागद बाजूला सारेल. त्याने कॅलेंडरचं नवं पान घेतलं आणि दोन्ही संख्यांचा गुणाकार मांडला. वहिनी आणि मी बघत बसलो. एकाखाली एक ओळी उतरत गेल्या. त्याने बेरीज सुरू केली. एक, एक, एक, एक, आणि मग मध्येच तीन आला. दादाने झटकन मान वर केली. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत जी आशा दिसली ती मला बघवली नाही. पण त्याने स्वतःच वर जाऊन पाहिलं, एका ठिकाणी हातचा चुकला होता. तो खोडला, पुन्हा बेरीज केली. या वेळी उजवीकडून डावीकडे सगळे एकच आले.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि पानं गोळा करायला लागला.

मशीनने दोन उत्तर दिल्याची गंमत मी सांगितली नाही.

त्यानंतर त्याने भागाकार बंद केले. वहिनींना सुटल्यासारखं झालं. पण मग तो काहीच करेना. खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा, जेवायला वाढलं तर जेवायचा. वहिनी मला म्हणाल्या, "आधी निदान रागवायला तरी काही होतं."

अशाच एका सकाळी तो दुधाला म्हणून गेला आणि आला नाही. वहिनींनी दुपारपर्यंत वाट पाहून मला फोन केला. मी रिक्षाने खडकीला आले तेव्हा त्या जिन्यात उभ्या होत्या. दुधाची पिशवी तशीच खुंटीला होती. आम्ही दोघी आधी खडकी स्टेशनवर गेलो. तिथेच आधी का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फलाटाच्या टोकापर्यंत चालत जाऊन त्या रुळांकडे बघत उभ्या राहिल्या. तिथे मालगाडी उभी होती, आणि दोन बायका पलीकडे कपडे वाळत घालत होत्या. बाकी काही नव्हतं. स्टेशनमास्तरांना विचारलं, ते म्हणाले आज काही झालेलं नाही. वहिनींनी फलाटावरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

परत येताना कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं, "साहेब तर सकाळीच स्वारगेटच्या बसमध्ये चढले."

स्वारगेटच्या एसटी स्थानकात तो आम्हाला सापडला तेव्हा ऊन उतरलं होतं. सातारा-कोल्हापूरच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर तो बसला होता. पायात घरच्याच चपला. शेजारी एका बाईची टोपली, तीत कोंबड्या. आम्हाला बघून तो दचकला नाही.

"कुठे निघाला होतात?" वहिनींनी विचारलं.

"कुठेच नाही. एक गाडी लागायची, भरायची, जायची. मग दुसरी. चढावंसं वाटेना. परत यावं असंही वाटेना."

"जेवलात का?"

"नाही."

वहिनी समोरच्या हातगाडीवरून वडापाव घेऊन आल्या. तो खाताना त्या त्याच्या दंडाला हात लावून बसल्या होत्या. रस्त्यात, माणसांत, त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तो झोपायला लागला, मग हळूहळू बोलायला. एक दिवस त्याने मला आपण होऊन विचारलं, "मशीन नसतं, तर ही फुटलीच नसती का?" त्याच्या कॉलेजातले गणिताचे एक सर तेव्हा निवृत्त होऊन कोथरूडला राहत होते. मी त्यांची वेळ घेतली आणि त्याला घेऊन गेले.

सरांना तो आठवत नव्हता. पण संख्या ऐकताच ते ताठ बसले. "सतरा एक? ती कधीच फुटलीय. संगणकाचं नावही नव्हतं तेव्हा, परदेशात, हातानेच."

"हाताने?" दादा म्हणाला.

"अर्थात. सगळ्या मूळ संख्या लावून बघत बसायचंच नसतं. सतरा ही स्वतः मूळ आहे. त्यामुळे सतरा एकांच्या संख्येला ज्या कोणत्या मूळ संख्येने भाग जाईल, तिला चौतीसने भागलं की बाकी एकच उरली पाहिजे. बाकीच्यांना हात लावायचं कारणच नाही."

दादाने खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहिलं. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस, भागिले चौतीस. आम्ही थांबलो. "बाकी एक," तो म्हणाला.

"येणारच."

"म्हणजे सात, अकरा, तेरा..."

"फुकट. पहिली लावायची ती एकशे तीन. मग एकशे सदतीस. मग एकदम दोनशे एकोणचाळीस." सर रंगात आले होते. "शिवाय आणखी एक अट आहे, तिने यांतल्याही निम्म्या गळतात."

दादा ऐकत होता. त्याने मध्येच अगदी हळू विचारलं, "सर, हे कधी शिकवतात?"

"हे? एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. सोपं आहे."

सरांच्या ते लक्षात येण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या पत्नीने पोहे आणले, आम्ही खाल्ले, दादाने नमस्कार केला आणि आम्ही निघालो. बसस्टॉपवर तो तळहाताकडे बघत उभा होता. घामाने शाई पसरली होती.

"तुला शिकवलं होतं हे?" त्याने विचारलं.

"नाही रे. इंजिनिअरिंगला नसतं."

"बरं," तो म्हणाला. बस आली, आम्ही चढलो. मी खिडकीकडे तोंड करून बसले. त्याने एम.एस्सी.चा फॉर्म भरला होता तो उन्हाळा, आणि मी ज्यांत शिकले ती सगळी वर्षं मला एकापाठोपाठ आठवत होती. त्याला काहीतरी सांगावं असं फार वाटत होतं, पण सुचलं ते प्रत्येक वाक्य त्याला कमी लेखणारं होतं. खडकीच्या स्टॉपवर मी त्याच्याबरोबर उतरले.

पुढे तो भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये जायला लागला. तपासणीचंच काम, माप घ्यायचं गेज हातात धरून. मशीन परवडत नाहीत अशा मालकांकडे माणसं लागायची. तिथे त्याने बरीच वर्षं काढली. नंबरप्लेट वाचून तो कुणाला काही विचारत नसे. मी एकदा रिक्षात बसता बसता मुद्दाम म्हटलं, "ही बघ, पंधराशे एक्याण्णव, मूळ वाटते पण नाही." तो म्हणाला, "असेल." आणि बाहेर बघू लागला.

माझं काम तोवर बँकांच्या सुरक्षेत गेलं होतं. इंटरनेटवरून पैशांचे व्यवहार सुरू झाले होते. एका दिवाळीत तो आणि वहिनी आमच्याकडे आले असताना माझ्या नवऱ्याने सहज विषय काढला, की हिच्या कामात मोठमोठ्या मूळ संख्या लागतात. मला विषय बदलायचा होता, पण दादाने विचारलंच, "कशाला?"

मी जमेल तेवढं सांगितलं. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार करायचा. गुणाकार उघड ठेवला तरी चालतो. तो फोडून ते दोन तुकडे परत मिळवणं मशीनलाही जमत नाही, म्हणून कुलूप टिकतं.

"केवढा असतो गुणाकार?"

"तीनशे अंकांच्या वर."

दादाने हातातली चकली ताटात ठेवली. "म्हणजे मी ज्यात बुडालो," तो म्हणाला, "त्यावर तुमच्या बँका तरंगतात."

माझा नवरा हसला. वहिनी हसल्या नाहीत. दादाही हसला नाही, पण चिडलेलाही दिसला नाही. तो उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. खाली मुलं फटाके उडवत होती. वहिनींनी बोलता बोलता खुर्ची थोडी सरकवून घेतली, बाल्कनीचं दार दिसेल अशी, आणि तो आत येईपर्यंत माझं एकही वाक्य त्यांनी नीट ऐकलं असेल असं मला वाटत नाही.